तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड : पंचवटीतील वाड्यातून साडेतीन वर्षांचा अनुभव

नाशिकच्या पंचवटीत, गोदाघाटापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आमचा जुना वाडा आहे. त्याला सहा हिस्सेदार असून त्यांपैकी दोघे पुण्यात आणि एक ठाण्यात राहतात, आणि दर्शनी भिंतीला साधे भोक पाडायचे म्हटले तरी साऱ्यांची संमती लागते. त्यामुळे फायबरवाले दोनदा येऊन, मापे घेऊन परत गेले आणि आम्ही अजूनही टेलिफोनच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड वापरतो. दुसरे कारण सासूबाईंचे आहे. घरातला लँडलाइनचा क्रमांक त्यांच्या माहेरच्या सगळ्या माणसांना तोंडपाठ असल्यामुळे तो बंद करण्याचा विषय आमच्याकडे निघत नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच कंपनीची हीच योजना इंदिरानगरात राहणाऱ्या माझ्या भावाकडे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली आहे. एकाच सेवेबद्दल दोन घरांचे मत इतके वेगळे का असते, याचा उलगडा मला यंदाच्या पावसाळ्यात झाला आणि हा अभिप्राय त्यातूनच लिहिला आहे.

आमची योजना आठ एमबीपीएसपर्यंतची आहे. मी करसल्लागार असून घरूनच काम करते, त्यामुळे मला चित्रपट पाहण्यापुरता वेग नको असतो, तर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरताना पोर्टल मध्येच निसटू नये एवढीच अपेक्षा असते. या कामात फाइल खाली घेण्याइतकेच वर चढवण्यालाही महत्त्व आहे. टेलिफोनच्या तारेवरील या पद्धतीत वर चढवण्याचा वेग मुळातच कमी ठेवलेला असतो. या पद्धतीला एडीएसएल म्हणतात. त्या नावातला ‘ए’ म्हणजे ‘असिमेट्रिक’, अर्थात असमान, आणि एडीएसएल२+ या सुधारित प्रकारातही टेलिफोन एक्स्चेंजच्या अगदी जवळ राहणाऱ्याला खाली जास्तीत जास्त २४ एमबीपीएस मिळाले, तरी वर साधारण एकच एमबीपीएस मिळतो. हे माहीत असूनच मी सेवा घेतली होती, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाने जोर धरल्यावर. वेग दोन एमबीपीएसच्या खाली आला, संध्याकाळी मोडेमचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरची जोडणी दाखवणारा, दिवा लुकलुकू लागला आणि १९ तारखेच्या रात्री तर एका अशिलाचे विवरणपत्र मला मोबाइलच्या इंटरनेटवरून भरावे लागले. आपल्या देशात ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची व्याख्या सरकारने ठरवून दिली आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २०२३ मध्ये दोन एमबीपीएस करण्यात आला. त्या हिशेबाने जूनमधल्या कित्येक संध्याकाळी आमच्या घरी ब्रॉडबँड नव्हतेच, फक्त त्याचे बिल होते.

मदतकेंद्राविषयी आधी लिहिते, कारण या सेवेचा सर्वांत दुबळा भाग तोच आहे. तीन आठवड्यांत मी पाच वेळा फोन केला. बोलणारी मुले-मुली सभ्य होती, मराठीत बोलत होती, प्रतीक्षाही फार करावी लागली नाही. परंतु पाचही वेळा संभाषण एकाच वाटेने गेले. ‘मॅडम, मोडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. मॅडम, कोणता दिवा लागला आहे? मॅडम, तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत निवारण होईल.’ तक्रार क्रमांक येतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीही घरी न येता ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेशही येतो. रात्रभरात पाऊस थांबलेला असला तर वेग खरोखरच थोडा सुधारलेला असे, त्यामुळे तपासणाऱ्याच्या दृष्टीने बिघाड नाहीसा झालेला असे. ओलाव्याने येणारा बिघाड कोरड्या दुपारी तपासला तर तो सापडणार कसा, हा प्रश्न मी तिसऱ्या फोनवर विचारला आणि मला पुन्हा मोडेम बंद करायला सांगण्यात आले.

शेवटी मी स्वतःच मोजमाप करायला बसले. आरंभीच माझे दोन गैरसमज निघाले, ते प्रामाणिकपणे सांगते. पहिला गैरसमज आकड्यांचा होता. योजनेतला आठ हा आकडा मेगाबिटचा असतो आणि संगणक फाइल उतरवताना मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे पूर्ण वेगाने चालले तरी पडद्यावर सेकंदाला एक मेगाबाइटच्या आतच दिसणार. दुसरा गैरसमज वाय-फायचा होता. वाड्याच्या भिंती दोन फूट जाडीच्या, दगडमातीच्या आहेत. मोडेम ओसरीवर आणि माझे टेबल आतल्या खोलीत असल्यामुळे मी इतके दिवस जो वेग मोजत होते तो तारेचा नसून भिंतीतून गाळून आलेला वेग होता. भावाकडून लॅनची लांब केबल मागवून संगणक थेट मोडेमला जोडला, तेव्हा १.१ चे १.६ झाले. वाय-फायच्या दोषाचा वाटा निम्म्याहून कमी होता, पण होता. यापुढचे सगळे आकडे मी केबल जोडूनच घेतले आणि इतरांनीही तसेच घ्यावेत, नाहीतर भिंतीचा दोष कंपनीच्या माथी लागतो.

खरी माहिती मिळाली ती मोडेमच्या स्वतःच्या पानावर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की बहुतेक मोडेमचे पान उघडते. वापरनाव आणि पासवर्ड मोडेमच्या खालच्या बाजूस चिकटवलेले असतात, आणि आत ‘डीएसएल स्टेटस’ किंवा तत्सम नावाखाली तारेची प्रकृती आकड्यांत लिहिलेली असते. मदतकेंद्रातील एकानेही मला या पानाविषयी विचारले नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. डॉक्टरने रुग्णाला न तपासता पाच वेळा तीच गोळी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

त्या पानावरचे तीन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला ‘लाइन रेट’, म्हणजे मोडेम आणि एक्स्चेंजमधले यंत्र यांनी आपापसात ठरवलेला वेग. इंटरनेटवरचा वेग याच्यापेक्षा कधीच जास्त असू शकत नाही. तो थोडा कमीच असतो, कारण या पद्धतीत माहिती ५३ बाइटच्या लहान लहान तुकड्यांत भरून पाठवतात आणि त्यांतले पाच बाइट तुकड्याच्या पत्त्यातच खर्च होतात. दुसरा ‘अटेन्युएशन’, म्हणजे वाटेत संकेत किती क्षीण झाला याचे डेसिबलमधले माप. ते मुख्यतः तारेच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असते, त्यामुळे ते उन्हाळ्या-पावसाळ्यात फारसे बदलत नाही. तिसरा ‘एसएनआर मार्जिन’, म्हणजे ठरलेला वेग टिकवण्यासाठी जेवढी लागते त्याहून संकेताची ताकद गोंगाटापेक्षा किती शिल्लक आहे. जोडणी होताना मोडेम साधारण सहा डेसिबल शिल्लक राहील असाच वेग निवडतो. पुढे गोंगाट वाढला की ही शिल्लक कमी होते आणि ती फारच घटली की जोडणी तुटते. मग मोडेम पुन्हा बोलणी करून आधीपेक्षा कमी वेगावर तडजोड करतो. आमच्याकडे पावसाळी संध्याकाळी नेमके हेच घडत होते. सकाळी लाइन रेट १,९०४ केबीपीएस, अटेन्युएशन ४३ आणि मार्जिन ६ अशी नोंद होती, तर सरी सुरू झाल्यावर मार्जिन २ वर येऊन दिवा लुकलुकू लागे. त्रुटींचा आकडा तर रिक्षाच्या मीटरसारखा पळत असे.

यानंतर मी घरातली तार तपासली, आणि येथे दोष आमचाच निघाला. टेलिफोनचा आवाज चार किलोहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातून जातो आणि इंटरनेट साधारण २५ किलोहर्ट्झच्या वरून, एडीएसएल२+ असेल तर थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. दोघे एकाच तांब्याच्या जोडीवरून प्रवास करतात, म्हणून घरात शिरल्यावर त्यांना वेगळे करणारा स्प्लिटर लावावा लागतो, आणि तारेला थेट जोडलेला कोणताही जादा फोन फिल्टरमधूनच जोडावा लागतो. ओसरीवरच्या फोनला स्प्लिटर होता. पण सासूबाईंच्या खोलीतला फोन काही वर्षांपूर्वी कोणीतरी मुख्य रोझेटवरूनच (बाहेरची तार जिथे येते ती भिंतीवरची डबी), स्प्लिटरच्या आधी, जोडून ठेवला होता. मी मोबाइलवरून घरचा क्रमांक लावला आणि मोडेमकडे पाहत राहिले. तिसऱ्या घंटीला डीएसएलचा दिवा गेला. रिकाम्या तारेवर एक्स्चेंज ४८ व्होल्टचा स्थिर दाब ठेवते, मात्र घंटी वाजवताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब चढवते. फिल्टर नसलेले उपकरण आणि कच्चा जोड हे दोन्ही त्या क्षणी उघडे पडतात. माहेरचा फोन आला की माझे पोर्टल बंद का पडते, या जुन्या कोड्याचे उत्तर मला असे मिळाले.

शालिमारच्या एका दुकानातून फिल्टर आणला. ‘फोनला गाळणी कशाला लावायची?’ असे सासूबाईंनी विचारले, आणि खरे तर याहून चांगले वर्णन मला सुचलेले नाही. दुसरा दोष माडीवर सापडला. पूर्वी तेथे भाडेकरू होते आणि त्यांच्यासाठी ओढलेली तार आजही रोझेटला जोडलेली होती, दुसऱ्या टोकाला काहीही नसताना. अशी लोंबकळती तार साध्या बोलण्याला काहीच त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंटरनेटचा संकेत मात्र तिच्यात शिरतो, मोकळ्या टोकावर आपटून परततो आणि किंचित उशिरा आलेल्या त्या प्रतिध्वनीमुळे मूळ संकेताचे काही पट्टे जवळजवळ पुसले जातात. ती तार मी रोझेटमधून सोडवली. फिल्टर आणि ही एक तार, एवढ्या बदलाने लाइन रेट १,९०४ वरून ४,५७६ झाला आणि अटेन्युएशन ४३ वरून ४१ वर आले. साडेतीन वर्षे मी कंपनीला जो दोष दिला, त्यातला मोठा हिस्सा आमच्या माडीवर लोंबकळत होता.

तरीही पाऊस आला की मार्जिन घसरतच होते, आणि फोन कानाला लावल्यावर खरखर ऐकू येत होती. म्हणून पुढची कसोटी केली. घरातल्या सगळ्या तारा सोडवून मोडेम एकटा बाहेरून येणाऱ्या जोडीला जोडला. आकडे तसेच राहिले. याचा अर्थ उरलेला बिघाड उंबऱ्याबाहेरचा होता. सहाव्या फोनच्या वेळी मी मोडेमविषयी काही बोलू न देता सरळ सांगितले की घरातील तारा सोडवून तपासणी केली आहे, कोरड्या वेळी मार्जिन सहा आणि पावसात दोन असते, लाइनवर खरखर आहे आणि मला लाइनमन हवा आहे. तक्रार न सोडवता बंद केली तर दूरसंचार नियामकाच्या (ट्राय) २०१२ च्या नियमांनुसार अपील प्राधिकरणाकडे जाता येते, हेही जोडले. यांपैकी कोणत्या वाक्याचा गुण आला हे सांगता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला लाइनमन दारात होते.

या सेवेत काही पूर्ण गुणांचे असेल तर ते म्हणजे हे गृहस्थ. निवृत्तीला आलेले वय, खांद्यावर दोर आणि हातात चाचणीचा फोन. वाड्यात येण्यापूर्वीच त्यांनी कोपऱ्यावरच्या खांबावरची डीपी, म्हणजे घरोघरी तारा वाटणारी पेटी, उघडून पाहिली होती. मी त्यांच्यापुढे आकड्यांचा कागद धरला, तेव्हा तो त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘ताई, असा कागद सगळ्यांनी दिला तर आमच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.’ नंतर त्यांनी डीपीपासून आमच्या खिडकीपर्यंत येणारी तार हाताने चाचपत नेली. मध्ये पिंपळाच्या फांदीजवळ एक जोड होता, चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोडवल्यावर आतले तांबे हिरवे पडलेले दिसले. ‘तार जुनी आहे, पण मेलेली नाही. जॉइंट मेलाय.’ पाणी मुरलेला असा जोड कोरडा असताना कसाबसा चालतो आणि ओला झाला की दोन तारांमधून आणि जमिनीकडे वीज गळू लागते. त्याचीच खरखर फोनमध्ये ऐकू येते आणि इंटरनेटच्या दृष्टीने तोच गोंगाट असतो.

त्यांनी डीपीपासून रोझेटपर्यंत मध्ये एकही जोड नसलेली नवी तार ओढली. तिला खिडकीबाहेर खाली झोका दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी घरात न येता तेथूनच टपकेल. एवढे करूनही मीटरवर त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून ते पुढच्या पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्याकडेच्या तारांच्या मोठ्या पेटीपर्यंत, गेले आणि तासाभराने येऊन त्यांनी सांगितले की जमिनीखालच्या केबलमधली आमची जोडीही खराब होती, ती बदलून दुसरी दिली आहे. रस्ता खोदताना केबलला धक्का लागला की काही जोड्या जातात आणि उरलेल्या चांगल्या जोड्यांवर ग्राहकांना हलवत राहावे लागते. चांगल्या जोड्याही आता मोजक्याच उरल्या आहेत, हे त्यांनी लपवले नाही. जाताना एक सूचना दिली. वेग कमी वाटला की दर दहा मिनिटांनी मोडेम बंद-चालू करू नये, कारण काही एक्स्चेंजमधली यंत्रे वारंवार तुटणारी जोडणी कच्ची समजून तिचा वेग आपणहून खाली आणतात. मदतकेंद्राचा एकमेव उपाय हाच होता, हे मी त्यांना सांगितले. ते फक्त हसले.

आता लाइन रेट ८,१९२ आहे, म्हणजे योजनेने घातलेल्या मर्यादेला टेकलेला. अटेन्युएशन ४१ आणि मार्जिन ८ आहे. केबलवर प्रत्यक्ष वेग ६.८ ते ७ एमबीपीएस मिळतो आणि वर चढवण्याचा ०.८. किलोमीटरमागे १३ ते १४ डेसिबल असा जो ठोकताळा धरतात, त्याप्रमाणे आमची तार सुमारे तीन किलोमीटर लांब असावी. स्कूटरवरून एक्स्चेंज दोन किलोमीटरही भरत नाही, पण तार आपल्यासारखी जवळच्या बोळातून येत नाही, ती पिलर आणि डीपींचे वळसे घेत येते. भावाच्या मोडेमवर अटेन्युएशन १८ आहे. एका योजनेची दोन घरे दोन तऱ्हेने का बोलतात, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे. त्याच्याकडे एखादा कच्चा जोड खपून जातो, आमच्याकडे खपण्याजोगे काही शिल्लकच नसते.

एक उणीव मात्र अजून तशीच आहे. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान लाइन रेट ८,१९२ असतानाही प्रत्यक्ष वेग तीन-साडेतीनवर येतो. तार निर्दोष असून वेग कमी, आणि तोही ठरावीक वेळेलाच, याचा अर्थ अडचण एक्स्चेंजच्या पलीकडे, साऱ्या ग्राहकांनी वाटून घ्यायच्या क्षमतेत आहे. तेथे लाइनमनचा किंवा माझ्या फिल्टरचा इलाज चालत नाही. कंपनीने क्षमता वाढवली पाहिजे आणि तसे मी लेखी कळवले आहे. उत्तरादाखल मोडेम बंद करून चालू करण्याची सूचना आली.

एकूण मत मागाल तर लाइनमनला पाचपैकी पाच, तारेवरच्या सेवेला साडेतीन आणि मदतकेंद्राला एक, तोही सभ्य बोलण्याबद्दल. मासिक शुल्क फायबरच्या प्राथमिक योजनेपेक्षा फारसे कमी नाही, त्यामुळे ज्यांच्या दारात फायबर येऊ शकते त्यांनी ही सेवा घेण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्यासारख्या अडचणीच्या जागी राहणाऱ्यांनी जरूर घ्यावी, मात्र अर्ज करण्यापूर्वी त्याच डीपीवरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याच्या मोडेमचे अटेन्युएशन पाहून घ्यावे. ते पन्नासच्या पुढे असेल तर आठ एमबीपीएसच्या योजनेचे पैसे भरू नयेत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मोडेमची विजेची पिन काढणे पुरेसे नसते, टेलिफोनची तारही काढावी लागते. आमचा पहिला मोडेम मे महिन्यातल्या अशाच एका संध्याकाळी गेला आणि दुसरा आम्हाला विकत घ्यावा लागला.

लाइनमनकाकांनी रोझेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने नव्या जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली आहे. त्याखाली मी ४१, ८ आणि ८,१९२ हे तीन आकडे लिहिले आहेत.